मुद्रितशोधकाची सून

गेल्या चैत्रांत शेजारच्या इमारतींत हळदीकुंकवाला गेलें होतें. आंब्याची डाळ नि पन्हें झाल्यावर नव्या ओळखी सुरू झाल्या. एक बाई शिक्षिका निघाल्या, दुसऱ्या बँकेंत, तिसऱ्या दांतांच्या डॉक्टर. प्रत्येकीचा उद्योग एका शब्दांत सांगून होत होता आणि ऐकणारींच्या माना समजुतीनें हालत होत्या. माझी पाळी आली तेव्हां मीं 'वेब मल्टिमीडिया डेव्हलपर' हे तीन शब्द उच्चारले आणि सारी बैठक क्षणभर स्तब्ध झाली. कोपऱ्यांत बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं मायेनें विचारलें, "म्हणजे घरीं बसून नक्की काय करायचं असतं, बाई?"

मीं यथाशक्ति सांगितलें. वेबसाइट उघडल्यावर जीं चित्रें सरकतात, जे आवाज ऐकूं येतात, ज्या चित्रफिती चालूं होतात, जें बटण दाबलें असतां पान उलटतें, तें सारें एकत्र जुळवून चालतें ठेवण्याचें काम माझें. आजी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा खेळच कीं! दोऱ्या तेवढ्या दिसत नाहींत."

माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या वीस वर्षांत मीं ऐकली नव्हती. फरक इतकाच कीं, बाहुल्यांच्या खेळांत दोरी तुटली तर ती खेळ करणाराच्या हातांत तुटते. माझी दोरी तुटते ती मला न दिसणाऱ्या कोणाच्या तरी घरीं, आणि त्याची वार्ता मला येते ती रात्रीं दहा वाजतां फोनवर.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचीं दोन मुलें, आम्ही दोघें आणि आमचीं दोन. पुण्याच्या जुन्या पेठेंतलें घर. २०२० सालच्या टाळेबंदींत माझें ऑफिस माजघराच्या खिडकीपाशीं आलें, तें तेथेंच राहिलें. एकीकडे जाऊबाई भाजी निवडीत असतात, दुसरीकडे मुलांचीं पाठांतरें चाललेलीं असतात, आणि मध्यें मी दोन पडदे मांडून बसलेली असतें. घरांत असलेली बाई रिकामी असते, ही समजूत मात्र एकत्र कुटुंबांत अद्याप पक्की आहे. गॅसचा माणूस, कुरियरचा माणूस आणि मोलकरणीचा निरोप हे तिघेहि माझ्याच खिडकीशीं येऊन थांबतात.

घरांत माझ्या कामाची खरी चौकशी करणारें माणूस एकच, तें म्हणजे अण्णा, माझे सासरे. आज ते नव्वदी ओलांडलेले आहेत. जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं एका छापखान्यांत मुद्रितशोधक म्हणून काढलीं. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत ते त्या धंद्यांत शिरले आणि संगणकावरील जुळणी नुकती सुरू झाली होती तेव्हां निवृत्त झाले. लग्न होऊन मी या घरांत आलें त्या पहिल्याच महिन्यांत त्यांनीं मला मुद्रितशोधनाच्या खुणा शिकविल्या. कोणतें अक्षर गाळावें, कोठें जागा सोडावी, कोठें परिच्छेद पाडावा, याच्या त्या बारीक खुणा मला फार आवडल्या. त्यांतली एक विशेष लक्षांत राहिली. चुकून खोडलेला शब्द पुन्हां ठेवावयाचा असेल, तर त्याच्याखालीं टिंबांची ओळ द्यावयाची. तिचा अर्थ, 'खोडूं नका, आहे तसें राहूं द्या.' अण्णा म्हणाले, "शोधकाला सगळ्यांत जास्त विनय शिकवते ती ही खूण. आपण खोडलेलं तेंच बरोबर होतं, हें ती आपल्याच हातानं कबूल करायला लावते."

तेव्हांपासून आमची दोघांची एक रीत पडून गेली आहे. दिवेलागणीच्या वेळीं चहाचा पेला घेऊन ते माझ्या टेबलाशीं येतात आणि विचारतात, "आज काय बिघडलं?" कांहीं बिघडलें का, असें ते कधींच विचारीत नाहींत. आपल्या धंद्यावरून त्यांना माझा धंदा बरोबर समजलेला आहे.

एकदां त्यांनीं शंका काढली. "आमचा फर्मा एकदां बांधून यंत्रावर चढला कीं हजार प्रती सारख्या निघत. तुझं पान मात्र एकाकडे सरळ आणि दुसऱ्याकडे वेडंवाकडं, हें कसं?" त्यांना उत्तर देतांना माझ्या कामाचें मर्म मलाहि प्रथमच स्पष्ट झालें. आम्ही पान छापीत नाहींच. आम्ही पाठवितों ती पान कसें छापावें याची केवळ सूचना. छपाईचें काम वाचणाराच्या यंत्रांतला ब्राउझर त्याच्या घरीं करतो. म्हणजे जितके वाचक तितके छापखाने! कोणाचा कागद हातभर रुंद, कोणाचा तळहाताएवढा. कोणाचें यंत्र कालचें, कोणाचें दहा वर्षांपूर्वींचें. आणि प्रत्येक छापखान्याचा जुळारी माझी सूचना आपापल्या समजुतीप्रमाणें वाचणारा. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं या व्यवस्थेची योजना मांडली, तेव्हां शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांशीं जोडावे एवढाच तिचा हेतु होता. १९९३ सालीं मोझेक नांवाचा ब्राउझर निघाला. त्यानें मजकुराच्या शेजारींच चित्र दाखविलें आणि तो हां हां म्हणतां सर्वत्र पसरला. चित्रापाठोपाठ आवाज आला, मग चित्रफीत आली, आणि माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय झाली.

रोजचें काम ऐकावयास फारसें रम्य नाहीं. गिऱ्हाइकाकडून फोटो येतो तो पांच-सहा मेगाबाइटचा. तो दीड-दोनशें किलोबाइटांवर आणावयाचा, पण नवरीच्या शालूचा रंग फिका पडतां कामा नये. त्याच फोटोच्या मोठ्या, मधल्या आणि लहान पडद्यासाठीं तीन प्रती करावयाच्या. चित्रफितीखालीं मजकुराच्या ओळी द्यावयाच्या आणि त्या बोलणाराच्या बोलण्याशीं जुळवावयाच्या. शेवटीं घरांतले सारे फोन गोळा करून प्रत्येकावर पान उघडून पाहावयाचें. जाऊबाईंचा फोन सर्वांत जुना, कांच तडकलेला. त्यावर नीट दिसलें कीं जगांत कोठेंहि दिसेल, असा माझा अनुभव आहे. आणि इतकें करून पान जेव्हां निर्विघ्न चालतें तेव्हां तें कोणाच्याहि लक्षांत येत नाहीं. आमटींत मीठ बरोबर पडलें तर त्याचा उल्लेख होत नाहीं, तसेंच हें.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर सांगूं तितक्या थोड्या. एका मंगल कार्यालयाच्या चालकांची अट होती कीं, पान उघडतांच समई तेवली पाहिजे आणि सनई वाजली पाहिजे. मीं परोपरीनें विनविलें कीं, एखादा वरपिता आपल्या कचेरींत हळूच पान उघडील आणि सनईनें सारी कचेरी गोळा होईल. "होऊं द्या कीं, तेवढीच जाहिरात!" हें त्यावर उत्तर. सनई कांहीं वर्षें मनसोक्त वाजली. पुढें २०१७-१८ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनीं नियम केला कीं, वाचकानें आपण होऊन कांहीं दाबल्यावांचून आवाज सुरू व्हावयाचा नाहीं. सनई एका रात्रींत मुकी झाली. सकाळीं फोन आला, "ताई, ऐन लग्नसराईंत आमची सनई कोणीं बंद केली?" जणूं सनईवाल्याला मींच घरीं पाठविलें होतें!

त्याच कार्यालयाच्या पानावर स्वयंपाकाची थोरवी गाणारें एक वाक्य होतें. त्यांत 'आचाऱ्यांच्या हातचें जेवण' असें यावयास हवें होतें. मराठींतला हा अर्धा ऱ संगणकावर उमटविण्यासाठीं वेगळी कळ दाबावी लागते. मीं घाईनें नेहमींचा र दाबला आणि पडद्यावर 'आचार्यांच्या हातचें जेवण' असें उमटलें. अण्णांना तेव्हां भिंगानें वाचतां येत होतें. ते ओळीवर थबकले आणि गंभीरपणें म्हणाले, "द्रोणाचार्यांना पोळ्या लाटायला बसवलंस कीं काय?"

येथपर्यंतचें सारें हंसण्यावारीं नेण्यासारखें आहे. पण एक गोष्ट मला हंसण्यावारीं नेतां आली नाहीं. ती सांगण्यासाठींच मुख्यतः हें लिहावयास बसलें.

माझ्या सासूबाईंना सारें घर माई म्हणे. श्रावण लागला कीं रोज दुपारीं त्या देवापुढें बसून त्या त्या वाराची कहाणी सांगत. पुस्तक समोर असे, पण तें उघडलेलें मीं क्वचितच पाहिलें. २००६ सालीं वन्सं आपल्या दोन लहान मुलींसह अमेरिकेंत गेल्या. त्या श्रावणांत माई एकदां सहज बोलून गेल्या, "तिकडे पोरींना कहाण्या कोण सांगणार?" मी नव्या विद्येच्या भरांत होतें. मीं म्हटलें, "तुम्हीच सांगाल, माई."

त्या काळीं वेबवर चित्र आणि आवाज एकत्र नांदवावयाचे म्हणजे फ्लॅश हेंच साधन. १९९६ सालीं तें एका लहान कंपनीनें वेगळ्या नांवानें काढलें. पुढें मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ सालीं ॲडोबीकडे गेलें. त्याचा आम्हां मराठी माणसांना आणखी एक मोठा उपयोग होता. युनिकोडमध्यें देवनागरीची सोय १९९१ पासून झालेली असली तरी आमचे बहुतेक संगणक जुन्या फाँटांवरच चालत. आणि तोच फाँट दुसऱ्याकडे नसला, तर मराठी मजकुराऐवजीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. फ्लॅशमध्यें अक्षरांच्या आकृतीच चित्रासारख्या आंत कोंडतां येत. मग पाहणाराकडे फाँट असो वा नसो, मराठी मराठीसारखें दिसे. मला तो केवढा विजय वाटला होता!

दुपारीं पंखा बंद करून, स्वयंपाकघराचें दार लोटून आम्ही दोघी माजघरांत बसत असूं. माई पाटावर, मी समोर मायक्रोफोन धरून. बांगड्यांचा आवाज येतो म्हणून मीं त्या काढून ठेवण्यास सुचविलें. माई चटकन् म्हणाल्या, "सवाष्णीनं हात मोकळे ठेवतात का ग?" तेव्हां बांगड्या राहिल्या आणि त्यांचा आवाजहि आला. असा सारा श्रावण गेला. पांच कहाण्या झाल्या. चित्रें मीं काढलीं. माईंच्या चिपळूणजवळच्या माहेरचें अंगण, तुळशीवृंदावन, विहीर, त्या सांगत तसतशीं.

आतां माझ्या कारागिरीचा भाग आला. सहा मिनिटांची एक कहाणी मूळच्या ध्वनिमुद्रणांत सुमारें ३२ मेगाबाइटांची होत होती. त्या वेळीं चांगलें म्हटलेलें कनेक्शन सेकंदाला २५६ किलोबिटांचें, आणि नातेवाइकांपैकीं कित्येकांकडे अजून फोनच्या तारेवरचा ५६ किलोबिटांचा मोडेम. मोडेमवर तेवढी फाइल उतरावयास सव्वा तास लागला असता. मीं आवाज दाबून सेकंदाला १६ किलोबिटांवर आणला. सहा मिनिटांची कहाणी ७२० किलोबाइटांत बसली आणि मोडेमवर पावणेदोन मिनिटांत उतरूं लागली. अशा दाबण्यांत उंच कंपनांचे नाद प्रथम गळतात. माईंच्या आवाजांतली धार गेली, त्यांचे 'स' आणि 'श' बोथट झाले. तेवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं. दोन वाक्यांमधला श्वास मीं कापला, मधला खोकला कापला, आठवत थांबलेल्या त्या जागा कापल्या, आणि बांगड्यांची किणकिण तर शोधून शोधून कापली. एका श्वासाला एक-दोन किलोबाइट वांचत, आणि मला आपल्या काटकसरीचा अभिमान वाटत होता.

कहाण्या सर्वांना आवडल्या. अमेरिकेंतल्या नातींनीं त्या इतक्या वेळां ऐकल्या कीं, मराठी धड न येणाऱ्या त्या पोरी कहाण्या मात्र माईंच्या चालीवर म्हणूं लागल्या. २०११ सालीं माझ्या संगणकाची डिस्क गेली आणि मूळचीं ध्वनिमुद्रणें व कच्च्या फायली तिच्याबरोबर गेल्या. मीं फारसें मनावर घेतलें नाहीं. तयार वस्तु तर वेबवर होतीच. आणि माईहि होत्या. २०१४ च्या भाद्रपदांत माई गेल्या.

फ्लॅशचे दिवस तोंवर भरत आलेच होते. त्यांतील सुरक्षिततेच्या उणिवा वरचेवर उघड होत, तें बॅटरी फार खाई, आणि आयफोननें त्याला आरंभापासूनच घरांत घेतलें नव्हतें. फ्लॅशवांचून आवाज नि चित्रफीत दाखविण्याची सोय असलेलें एचटीएमएल ५ हें नवें मानक २०१४ सालीं पक्कें झालें. जुलै २०१७ मध्यें जाहीर झालें कीं, २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद होणार. गिऱ्हाइकांचीं पानें मीं एकामागून एक वेळेवर बदलून दिलीं. घरचें काम तेवढें राहून गेलें. शिंप्याच्या मुलाचा सदरा फाटका राहतो म्हणतात, तें खोटें नव्हे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यांतला मजकूर चालेनासा झाला. दोष कोणाचाच नव्हता. सूचना साडेतीन वर्षें आधीं मिळालेली होती.

इकडे अण्णांच्या डोळ्यांवर वेगळेंच संकट आलें होतें. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा विकार त्यांना जडला. कडेचें अंधुक दिसतें, पण ज्याच्याकडे पाहावें नेमकें तेंच दिसत नाहीं. आयुष्यभर अक्षरांवर नजर रोखून पोट भरलेल्या माणसाला हा विकार व्हावा, याहून कठोर थट्टा कोणती? माझ्या मुलानें त्यांच्या फोनवर मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय सुरू करून दिली. अण्णा पुन्हां वाचूं लागले, म्हणजे ऐकूं लागले. एके संध्याकाळीं ते माझ्या टेबलाशीं आले आणि त्यांनीं फोन माझ्यापुढें धरला. त्यांतून यांत्रिक आवाज येत होता, "चित्र. चित्र. बटण. चित्र." अण्णा म्हणाले, "कोणी केलंय ग हें पान? नुसतं 'चित्र' म्हणजे काय वाचायचं?" तें पान मींच केलेलें होतें.

चित्राला जोडून त्याचें शब्दांत वर्णन द्यावें, म्हणजे दृष्टिहीनाचें यंत्र तें वाचील, ही गोष्ट मला माहीत नव्हती असें नाहीं. वेबवरील मजकूर सर्वांना वापरतां यावा यासाठीं १९९९ सालीं जे पहिले नियम प्रसिद्ध झाले, त्यांत अगदीं पहिलाच नियम हा आहे. पण कोणा गिऱ्हाइकानें तें मागितलें नव्हतें, तें डोळ्यांना दिसत नव्हतें, आणि काम उरकावयाचें असे. जें दिसत नाहीं तें सोडून द्यावयाचें, ही संवय मला कधीं जडली तें मलाच कळलें नव्हतें.

२०२१ चा श्रावण आला. अमेरिकेंतल्या मोठ्या भाचीचा फोन आला. आतां ती कॉलेजांत होती. "मामी, आजीच्या कहाण्या उघडत नाहींत. नुसता पांढरा चौकोन दिसतो." मीं उघडून पाहिलें. खरेंच, पांढरा चौकोन! त्याच खोलींत देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आजेसासऱ्यांच्या वेळची निर्णयसागरी पोथी होती. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या त्या छापखान्याच्या टायपाचें कौतुक करतांना अण्णा थकत नाहींत. ती पोथी उघडण्यास हात आणि डोळे यांवांचून कांहीं लागत नाहीं. माझी पोथी अवघी पंधरा वर्षांची, आणि ती जगांतल्या कोणत्याहि नेहमींच्या यंत्रावर उघडत नव्हती.

शोध केल्यावर कळलें कीं, जुन्या फ्लॅशची नक्कल करून तो मजकूर चालविणारें रफल नांवाचें साधन कांहीं मंडळी फुकट तयार करीत आहेत, आणि इंटरनेट आर्काइव्हनें नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच आधारें जुने खेळ व चित्रपट जतन करून चालते ठेवले आहेत. त्या साधनानें चौकोनांत चित्रें पुन्हां हलूं लागलीं. अंगण आलें, विहीर आली. सारें घर माझ्या पडद्यापाशीं जमलें. जाऊबाईंनीं डोळ्यांना पदर लावला. अण्णा मागें खुर्चीवर बसून होते. ते म्हणाले, "मला यांतलं काय?" चित्रें त्यांना दिसत नव्हतीं, आणि ज्या अक्षरांचा मला इतका अभिमान होता तीं आकृति म्हणून कोंडलेलीं असल्यामुळें त्यांच्या फोनला वाचतां येत नव्हतीं. मुलांच्या गडबडींत माईंचा बोथट आवाजहि त्यांच्यापर्यंत नीट पोंचत नव्हता.

तेव्हां मीं ठरविलें कीं, नुसती डागडुजी पुरे नाहीं. सारें पुन्हां जुळवावयाचें. अगदीं साधें पान, साधा आवाज, युनिकोडमधला मजकूर आणि प्रत्येक चित्राचें वर्णन. रात्रीं कामें आटोपल्यावर मी आणि अण्णा बसूं लागलों. मीं पहिलें वर्णन वाचून दाखविलें, "अंगणांत एक झाड." अण्णा लगेच म्हणाले, "एक झाड म्हणजे काय? नांव काय झाडाचं?" मीं चित्राकडे निरखून पाहिलें. मींच काढलेलें, तरी मला सांगतां येईना. "जास्वंद असावी." "छे! तिच्या माहेरीं वृंदावनाला लागून कण्हेर होती. तांबडी. लग्नाच्या वेळीं मी पाहिली आहे." मीं लिहिलें, "वृंदावनाशेजारीं तांबडी कण्हेर." चाळीस चित्रांचीं मुद्रितें अशीं तपासलीं गेलीं. डोळ्यांनीं अधू झालेला तो मुद्रितशोधक मला माझींच चित्रें पाहावयास शिकवीत होता.

राहिला आवाज. जुन्या फायली फोडून आंतले ध्वनि वेगळे काढणारें एक साधन मिळालें. पांचहि कहाण्या बाहेर निघाल्या. दाबलेला आवाज पुन्हां फुलवितां येत नाहीं; जें गळलें तें गळलेंच. मी एकेक ऐकत गेलें आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटीं मला माझी कात्री ऐकूं येऊं लागली. श्वास नाहीं, थांबणें नाहीं, बांगडी नाहीं. एक वाक्य संपतें न संपतें तों दुसरें. माई कधींच असें बोलत नव्हत्या. माझ्या काटकसरीनें वांचविलेले ते किलोबाइट आज कोणाच्याहि उपयोगाचे नव्हते. जाऊबाईंच्या तडकलेल्या फोनांत आज तसल्या हजारों कहाण्या सहज मावतील. आणि त्या किलोबाइटांच्या बदल्यांत मीं काय देऊन बसलें होतें तें त्या रात्रीं मला कळलें.

पांचवी कहाणी संपली. पण फाइल संपली नव्हती. शेवटचें चित्र मिटतांच आवाज थांबावा अशी सूचना मीं पूर्वीं दिलेली होती. त्यामुळें शेवटचे कांहीं सेकंद पंधरा वर्षें कोणींच ऐकले नव्हते, आणि कापावयाचेहि राहून गेले होते. मीं आवाज चालूं ठेवला. प्रथम थोडी शांतता. मग एक लांब श्वास. मग बांगड्या किणकिणल्या आणि माई म्हणाल्या,

"झालं का ग?"

पाठोपाठ एक कोंवळा आवाज आला, तो माझाच. "झालं, माई."

"मग चहा टाक. हे येतील आतां फिरून."

एवढेंच. पुढें कांहीं नाहीं.

मीं मागें वळून पाहिलें. अण्णा खुर्चीच्या हातांवर हात ठेवून निश्चल बसले होते. कांहीं वेळानें त्यांनीं पुन्हां लावण्यास सांगितलें. मीं पुन्हां लावलें. तिसऱ्यांदां लावलें. मग मीं हळूच विचारलें, "अण्णा, हें कहाणींतलं नाहीं. मुलींना पाठवतांना काढून टाकूं कीं राहूं दे?"

अण्णांनीं समोरच्या टेबलावर बोट टेकलें आणि कागदावर ओळ असावी तसें, एकापुढें एक, सावकाश टोंचीत नेलें.

"टिंबं दे त्याखालीं," ते म्हणाले.